दहातली दोन की दोनशेतली चौदा? नवोदयच्या शाळावार यादीचं गणित

नवोदयचा सहावीचा रिझल्ट लागला की आमच्या इंदूरकडच्या फॅमिली ग्रुपवर एक यादी फिरायला लागते, अमुक शाळेतून वीस टक्के मुलं लागली, तमुक शाळेतून शून्य, आणि मग सांवेर-देपालपूरकडे राहणारी एखादी मामी विचारतेच की पोराला त्या पहिल्या नंबरवाल्या शाळेत टाकू का. टाका की, पण आधी ती यादी बनते कशी ते बघा, कारण तिच्यात शाळेपेक्षा भागाकाराची करामत जास्त असते.

थोडं परीक्षेबद्दल. जवाहर नवोदय विद्यालयं ही केंद्र सरकारची निवासी शाळा, सगळ्यात पहिल्या दोनपैकी एक अमरावतीला निघाली आणि दुसरी हरियाणात झज्जरला, आता देशभरात साडेसहाशेच्या आसपास आहेत. इंदूर जिल्ह्याची महूच्या पुढे मानपूरला आहे. एका शाळेत सहावीच्या जास्तीत जास्त ८० जागा, परीक्षा पाचवीत असताना एकदाच देता येते, दोन तास, ८० प्रश्न, १०० मार्क. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांना, आणि ग्रामीण कोण तर जो तिसरी, चौथी, पाचवी ही तिन्ही वर्षं गावातल्या शाळेत शिकला तो. म्हणजे ८० पैकी शहरातल्या शाळांना फार तर २०, आणि त्यातही गावची हुशार पोरं मेरिटवर येऊ शकतात. त्यामुळे इंदूर शहरातली राजवाड्याजवळची शाळा आणि देपालपूरकडच्या खेड्यातली शाळा एकाच यादीत वर-खाली लावली तर ती तुलना तिथेच बाद.

आता टक्केवारी. समजा एका शाळेत पाचवीत ६० मुलं आहेत, १२ जणांनी फॉर्म भरला, १० जण बसले, २ लागले, आणि त्यातल्या एकाच्या आईने होस्टेल नको म्हणून पाठवलंच नाही. मग या शाळेचा रेट किती? बसलेल्यांमागे २० टक्के, फॉर्ममागे साधारण १७, वर्गामागे ३ च्या वर थोडं, आणि वर्गामागे खरंच गेलेल्यांचं धरलं तर २ सुद्धा नाही. चारही आकडे खरे, आणि जाहिरातीत कुठला छापला जातो ते सांगायला नको! बरं, फॉर्म कोणी भरायचा हे बऱ्याचदा गुरुजीच ठरवतात, जिथे फक्त वर्गातली पहिली दहा बसवतात तिथला रेट आपोआप चढतो आणि जिथे मॅडम सगळ्यांना 'अनुभव तरी येईल' म्हणून बसवतात तिथला पडतो, शिकवणं दोन्हीकडे सारखंच असलं तरी.

पण खरी गंमत छोट्या शाळांची आहे. असं धरा की सगळ्या शाळा अगदी एकसारख्या आहेत, कुठल्याही मुलाची लागण्याची शक्यता ४ टक्केच. दहा-दहा मुलं बसवणाऱ्या १०० शाळा घेतल्या तर साधारण ६६ शाळांचं एकही मूल लागणार नाही, २८ शाळांचं एक लागेल, आणि सहाएक शाळांची दोन किंवा जास्त लागतील, म्हणजे थेट २० टक्के! त्याच वेळी २०० मुलं बसवणारी शाळा बहुतेक वेळा ३ ते १३ मुलांच्या मध्येच राहते, म्हणजे दीड ते साडेसहा टक्के. म्हणून यादीच्या टॉपला छोट्या शाळा दिसतात आणि तळालाही छोट्याच, आणि यात कुणाच्या शिकवण्याचा काडीचाही संबंध नाही, शाळा एकसारख्या आहेत असं आपणच धरलं होतं ना. पुढच्या वर्षी ती टॉपवाली शाळा शून्यावर आली की लोक म्हणतात हेडमास्तर बदलले म्हणून.

यावर संख्याशास्त्रवाल्यांचा एक साधा उपाय आहे, प्रत्येक शाळेच्या आकड्यात सरासरीची थोडी भर घालायची. समजा प्रत्येक शाळेच्या खात्यात १०० काल्पनिक मुलं टाकली, त्यातली ४ लागलेली. दहातली दोनवाली शाळा मग ११० पैकी ६ म्हणजे साडेपाच टक्क्यांवर येते, आणि २०० पैकी १४ लावणारी, जी यादीत ७ टक्क्यांवर कुठेतरी मधे पडली होती, ती ३०० पैकी १८ म्हणजे ६ टक्क्यांवर, चक्क पुढे. १०० च का, तर शाळाशाळांत खरा फरक किती आहे त्यावर तो आकडा ठरतो, फरक मोठा असेल तर कमी मुलं मिसळायची. हे जमत नसेल तर चार-पाच वर्षांची बेरीज करून बघा, बराचसा धुरळा तिथेच खाली बसतो.

एवढं चाळूनही काही शाळा पुढे राहतात, आणि तो फरक खरा. एक कारण तर पेपरातच दिसतं, १०० पैकी ५० मार्क मानसिक योग्यतेचे, त्यात वेगळी आकृती ओळखा, आरशातली प्रतिमा, अपूर्ण चित्र पूर्ण करा असलं सगळं, जे पाचवीच्या पुस्तकात फारसं नसतंच. ज्या शाळेत कुणीतरी जुने पेपर सोडवून घेतं आणि ओएमआर शीटवर गोळे भरायला लावतं तिथलं पोर ते बघून गांगरत नाही.

हा प्रकार फक्त आपल्याकडचा नाही. न्यूयॉर्कमध्ये स्टायव्हसंटसारख्या सरकारी हायस्कुलांत परीक्षेनेच प्रवेश होतो, १९७१ चा तसा कायदाच आहे. २०१८ मध्ये तिथल्या महापौरांनी आकडे मांडले, सुमारे ६०० मिडल स्कुलांपैकी (म्हणजे आठवीपर्यंतच्या शाळा) फक्त २१ मधून जवळपास निम्मी मुलं येत होती. पण त्या २१ मधल्या काही स्वतःच मुलं निवडून घेणाऱ्या, म्हणजे चाळण आधीच लागलेली. महापौर म्हणाले प्रत्येक शाळेतली वरची ७ टक्के मुलं घ्या, ते काही मंजूर झालं नाही. अमेरिकेतल्याच व्हर्जिनिया राज्यातल्या थॉमस जेफरसन या तशाच सरकारी हायस्कूलने मात्र २०२० मध्ये प्रवेश परीक्षा रद्द करून प्रत्येक मिडल स्कूलला आठवीच्या पटाच्या दीड टक्का जागा राखून दिल्या. पुढच्याच वर्षी निवडलेल्यांत आशियाई मुलं ७३ वरून ५४ टक्क्यांवर आली, कृष्णवर्णीय एकावरून सातवर गेली. काही पालक तर त्याआधीच कोर्टात गेले होते. २०२४ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने प्रकरण ऐकायलाच नकार दिला, त्यामुळे दीड टक्केवाला नियम तसाच राहिला.