बाटलीतल्या उसाला लाल दिवा काय सांगतो?

गुलाबी उजेडात काचेच्या बाटल्या, आत उसाची इवली रोपं आणि खाली ओळ : 'या दिव्याने वाढ दुप्पट!' असा फोटो सध्या वाळवा-पलूसकडच्या शेतकऱ्यांच्या व्हॉट्सॲपवर फिरतोय. दिवा खरा आहे, दावा भलताच आहे.

पान उजेडात अन्न तयार करतं, हे शाळेत शिकलोय. पण टिश्यूकल्चरच्या, म्हणजे रोपाच्या तुकड्यापासून बाटलीत नवी रोपं वाढवण्याच्या पद्धतीत अन्न आधीच घातलेलं असतं. रोपं ज्यावर वाढतात, त्या लिटरभर माध्यमात साधारण 30 ग्रॅम साखर. त्यामुळे इथं उजेडाचं मोठं काम रोपाला निरोप देण्याचं.

तो निरोप घेणारं एक प्रथिन म्हणजे फायटोक्रोम. वनस्पतिशास्त्रात याहून देखणं काही मला माहीत नाही. त्याची दोन रूपं. 660 नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासचा लाल प्रकाश पडला की पहिल्याचं दुसरं होतं. 730 च्या आसपासचा, डोळ्यांना जेमतेम दिसणारा अतिलाल पडला की पुन्हा पहिलं. 1952 मध्ये अमेरिकेत बेल्ट्सव्हिलला बॉर्थविक, हेंड्रिक्स या शास्त्रज्ञांनी आणि सहकाऱ्यांनी लेट्यूसच्या बियांवर हे दोन्ही आलटून-पालटून टाकले. शेवटी लाल, तर बी उगवलं. शेवटी अतिलाल, तर बहुतेक बिया तशाच पडून. आधी काय काय पडलं, त्याला किंमतच नाही! लाल प्रकाशाने बदललेलं फायटोक्रोम पेशीच्या केंद्रकात शिरतं आणि खोड लांबवणाऱ्या पीआयएफ प्रथिनांचा नाश घडवून आणतं. दाट फडात वरची पानं लाल शोषून घेतात, खाली अतिलालच जास्त पोचतो. फुटवे कमी पडायचं हे एक कारण.

फोटोतला गुलाबी उजेड म्हणजे लाल आणि निळ्याची मिसळ. निळ्यासाठी क्रिप्टोक्रोम, फोटोट्रॉपिन ही निराळी प्रथिनं. नुसत्या लाल उजेडात बऱ्याच पिकांची रोपं लांबट, लेचीपेची होतात. निळा मिसळला की खोड आखूड आणि पान गडद. किती मिसळायचा, ते पिकागणिक, वाणागणिक बदलतं. शिवाय बाटलीतले फुटवे मुख्यतः माध्यमातल्या सायटोकायनिन या वाढ-संप्रेरकावर ठरतात. सगळ्यांना लागू पडणारा 'दुप्पट'चा दिवा येणार कुठून?

रंगीत बाटलीत उन्हात ठेवलेलं पाणी रोपांना घालणारेही भेटतात. रंग ओळखणारं प्रथिन रोपात असतं. पाण्यात रंगाचा गुण साठून राहत नाही.

गुलाबी उजेडाची एक अडचण फोटोत दिसत नाही. त्यात हिरवं पान काळपट दिसतं, पिवळेपणा कळत नाही, माध्यम गढूळ झालेलं लवकर ध्यानात येत नाही. बाटल्या तपासायला पांढरा दिवा लावावाच लागतो. आणि नेहमीचा पांढरा एलईडी म्हणजे आतून निळाच. वरच्या फॉस्फरच्या, म्हणजे निळा प्रकाश शोषून दुसरे रंग सोडणाऱ्या पदार्थाच्या थरामुळे त्यात हिरवा, पिवळा आणि थोडा लालही येतो. पुष्कळ पिकांना तो पुरतो.