जर्मनीत इंडस्ट्रियल मेंटेनन्सची नोकरी: आयटीआयवाल्यांचे मान्यतेचे अर्ज कुठे अडकतात

चाकण, भोसरी, वाळूज, सातपूर इथल्या कारखान्यांत मेंटेनन्सला असलेली बरीच मुलं सध्या जर्मनीची चौकशी करतात. फेब्रुवारी 2024 मध्ये महाराष्ट्र आणि बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याचा कुशल मनुष्यबळाचा करार झाल्यापासून तर जास्तच. पण करार झाला म्हणून कागदपत्रं माफ झालेली नाहीत. कारखान्यातली पॅनल, ड्राइव्ह, सेन्सर, पीएलसी (मशिन चालवणारा कंट्रोलर) सांभाळणाऱ्या माणसाला तिकडे 'एलेक्ट्रोनिकर फ्युअर बेट्रीब्सटेक्निक' म्हणतात आणि त्याचं प्रशिक्षण साडेतीन वर्षांचं असतं. आपलं दोन वर्षांचं आयटीआय आणि नोकरीचा अनुभव त्याच्याशी ताडून पाहिला जातो, त्यालाच मान्यता म्हणतात. बहुतेक अर्ज रखडतात ते इथेच.

हे काम जर्मनीत परवान्याचं नाही, म्हणजे कायद्याने मान्यतेशिवायही करता येतं. मात्र भारतातून कुशल कामगार म्हणून व्हिसा हवा असेल तर सहसा मान्यतेचा निर्णय लागतो. तो देणारं कार्यालय न्युरेंबर्गला आहे: आयएचके फोसा. 2012 च्या मान्यता कायद्यानंतर औद्योगिक आणि व्यापारी व्यवसायांसाठी ते सुरू झालं. इमारतींच्या वायरिंगसारखे कारागिरीत मोडणारे व्यवसाय मात्र हांडवेर्क्सकामरकडे, म्हणजे कारागिरांच्या चेंबरकडे जातात. चुकीच्या दारात अर्ज टाकला तर वेळ फुकट जातो, कारण काम तेच वाटलं तरी खातं वेगळं.

इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक, इलेक्ट्रिशियन, इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक हे दोन वर्षांचे ट्रेड चालतात. एक वर्षाचा ट्रेड असेल तर पुढचे बहुतेक रस्ते बंद होतात, कारण किमान दोन वर्षांच्या सरकारमान्य प्रशिक्षणाची अट जवळपास सगळीकडे आहे. खाजगी क्लासचा सहा महिन्यांचा 'पीएलसी-स्काडा डिप्लोमा' जोडायला हरकत नाही, पण तो मूळ पात्रता म्हणून धरला जात नाही. त्यासाठी लाखभर रुपये भरून बसलेले लोक आहेत, म्हणून सांगतो.

अर्जात कोणत्या जर्मन व्यवसायाशी तुलना हवी ते लिहायचं असतं, आणि इथे घाई करू नका. 'बेट्रीब्सटेक्निक' मोठं, साडेतीन वर्षांचं आहे. 'इंडुस्ट्रीएलेक्ट्रिकर' हा दोन वर्षांचा व्यवसाय आहे. सर्किट बोर्ड, टेस्टिंग, दुरुस्ती असं काम जास्त केलं असेल तर 'एलेक्ट्रोनिकर फ्युअर गेरेटे उंड सिस्टेमे' जवळचा पडतो. निवड केल्यावर बदलायची म्हणजे कटकट, त्यापेक्षा अर्जाआधी फोसाचा सल्ला घ्या. फी काही शे युरो असते, भाषांतराचा खर्च वेगळा.

नेहमीचे कागद असे: पासपोर्ट, तक्त्याच्या रूपातला बायोडाटा, एनसीव्हीटीचं (राष्ट्रीय व्यवसाय प्रशिक्षण परिषदेचं) नॅशनल ट्रेड सर्टिफिकेट, सगळ्या गुणपत्रिका. 2013 ते 2017 दरम्यान प्रवेश घेतलेल्यांना सेमिस्टर पद्धत होती, म्हणजे चार गुणपत्रिका; शेवटची एकच जोडली की बाकीच्या मागणारं पत्र येतंच. तुमच्या वर्षाचा ट्रेडचा अभ्यासक्रम प्रशिक्षण महासंचालनालयाच्या संकेतस्थळावरून काढून सोबत द्या. तो नसेल तर समोरचा माणूस दोन ओळींच्या सर्टिफिकेटवरून तुमचं दोन वर्षांचं शिक्षण ओळखणार कसं? भाषांतर शपथबद्ध भाषांतरकाराकडूनच करून घ्या, पण कोणत्या कागदांचं लागेल ते आधी विचारून मगच पैसे द्या. मूळ कागद टपालाने पाठवू नका.

आता अनुभवाचा दाखला. याच कागदापायी सर्वांत जास्त लोक लटकतात. आपल्याकडे एचआर देतो तो दाखला असा असतो: 'हे अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत आमच्याकडे टेक्निशियन म्हणून कार्यरत होते. त्यांची वर्तणूक चांगली आहे.' सही, शिक्का, संपलं. जर्मन कार्यालयाला तुमच्या वर्तणुकीत रस नाही. तुम्ही हाताने काय केलंत ते हवं आहे, आणि आयटीआयच्या दीड वर्षाच्या तुटीची भरपाई याच कागदातून होऊ शकते. त्यामुळे मसुदा स्वतः लिहून न्या, एचआरला फक्त लेटरहेडवर घ्यायला लावा. त्यात असं काहीतरी हवं: मशिन शॉपमधल्या सीएनसी आणि कन्व्हेयरची देखभाल, सीमेन्स पीएलसीतला फॉल्ट लॅडर (प्रोग्रामची आकृती) बघून शोधणं, इनपुट-आउटपुट तपासणं, व्हीएफडीचे (मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हचे) पॅरामीटर भरणं, 415 व्होल्टच्या पॅनलची ड्रॉइंगवरून वायरिंग, मेगरने (इन्सुलेशन मोजायच्या मीटरने) इन्सुलेशन आणि अर्थिंग तपासून नोंद करणं, प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्सचं वेळापत्रक, लॉकआउट-टॅगआउट (दुरुस्तीआधी वीज बंद करून कुलूप आणि पाटी लावणं). पूर्णवेळ होतं का, आठवड्याला किती तास, कोणत्या विभागात, हेही. शॉकपासून संरक्षणाच्या उपायांची तपासणी जर्मन अभ्यासक्रमात ठळक आहे, त्यामुळे ते काम केलं असेल तर अजिबात गाळू नका. केलं नसेल तर लिहूही नका. पुढे मुलाखतीत आणि प्रत्यक्ष कामात ते उघडं पडतं.

ठेकेदारामार्फत लागलेल्यांची पंचाईत मोठी. काम एका कंपनीत, पगार दुसऱ्याच्या नावाने, नेमणूकपत्रावर 'हेल्पर' किंवा 'ऑपरेटर'. ठेकेदाराचा दाखला घ्याच, पण ज्याच्या हाताखाली काम केलं त्या मेंटेनन्स इंजिनीअरकडून कामाचं वर्णनही सही-शिक्क्यानिशी मागा. सोबत पगारपत्रकं आणि पीएफचं पासबुक लावा म्हणजे तारखा जुळतात. अप्रेंटिसशिपचं एक वर्ष 'ट्रेनी होतो, त्याचं काय' म्हणून सोडून देतात. नॅशनल अप्रेंटिसशिप सर्टिफिकेट जोडा, ते प्रशिक्षणात धरायला उपयोगी पडतं. तुमची काही चूक नसताना कागद मिळतच नसतील, उदाहरणार्थ कंपनीच बंद पडली, तर प्रात्यक्षिक आणि तांत्रिक संवादातून कौशल्य तपासायची सोय कायद्यात आहे. पण ती विचारून मिळवावी लागते.

नावाचा घोळ वेगळाच. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं. आयटीआयच्या सर्टिफिकेटवर एखादं अक्षर वेगळं. पासपोर्टवर वडिलांचं नाव गायब. आपल्याला ते एकच माणूस वाटतं, तिकडच्या कारकुनाला तीन दिसतात. पासपोर्ट प्रमाण धरा आणि बाकी कागदांवरची चूक अर्ज करायच्या आधी दुरुस्त करून घ्या, कारण आयटीआयच्या सर्टिफिकेटवरची दुरुस्ती आपल्याकडे आपल्या गतीने होते.

मुदतीचा अर्थही लोक चुकीचा लावतात. 'तीन महिन्यांत निर्णय' हे खरं, पण ते तीन महिने मोजायचे सगळे कागद पूर्ण झाल्यापासून. कागद मिळाल्यापासून महिन्याभरात पोच येते आणि काय कमी आहे ते कळतं. त्या पत्राला उत्तर न देता निकालाची वाट बघणारे आहेत! जर्मन मालकाने 411 युरो भरून जलद प्रक्रिया सुरू केली तर मान्यतेला दोन महिने धरतात, तेही पूर्ण कागदांवरच.

निकालात 'अंशतः समकक्ष' आलं की घरात रडारड होते. ते नामंजुरी नाही. काय कमी आहे त्याची यादी सोबत असते आणि ती भरून काढायला जर्मनीत जाऊन काम आणि शिक्षण करता येतं.

1 मार्च 2024 पासून आणखी एक वाट आहे, मान्यता भागीदारी. दोन वर्षांचं सरकारमान्य प्रशिक्षण, नोकरीचा करार आणि जर्मन भाषेची किमान ए-2 (प्राथमिक, दुसरी) पातळी असेल तर आधी जायचं, मान्यतेचा अर्ज तिथे पोहोचल्यावर लगेच करायचा. आपलं प्रशिक्षण भारतात सरकारमान्य आहे याचा दाखला मात्र बॉनच्या झेडएबीकडून (परदेशी शिक्षण तपासणाऱ्या जर्मन कार्यालयाकडून) आणावा लागतो, आणि एजंट नेमकं हेच सांगत नाहीत. गेल्या पाच वर्षांत दोन वर्षांचा अनुभव आणि चांगला पगार ठरला असेल तर मान्यतेशिवायही व्हिसा मिळू शकतो. 2025 साठी पगाराची मर्यादा वर्षाला 43,470 युरो होती. ती दर 1 जानेवारीला बदलते, जुन्या व्हिडिओतला आकडा धरू नका.

ए-2 साठी पुण्या-मुंबईच्या मॅक्स म्युलर भवनात परीक्षा होतात, तारखा लवकर भरतात. पंचेचाळिशी ओलांडलेल्यांना पगाराची वाढीव मर्यादा किंवा निवृत्तीच्या तरतुदीचा पुरावा लागतो. तो लागणार हे ऑफर लेटर घेण्याआधीच मालकाला सांगा.