रेडिओ स्पंद नेमका सुरू कधी होतो?

गोदावरीला पूर आला की नाशिककर नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे पाहतात. पाणी मारुतीच्या गुडघ्याला लागले की कमरेपर्यंत चढले, यावरून पूर किती मोठा हे कळते. पण पूर किती वाजता आला, असे कोणी विचारले, तर आधी कोणती खूण धरायची हे ठरवावे लागेल. रेडिओ स्पंदांची, म्हणजे रेडिओ लहरींच्या क्षणभराच्या झोतांची, वेळ मोजताना हाच प्रश्न येतो आणि माझ्या मते मोजणीचा खरा कस इथेच लागतो.

नाशिकजवळच्या ओझर विमानतळावर उतरणाऱ्या प्रवासी विमानातला ट्रान्सपाँडर (आपोआप उत्तर देणारे रेडिओ यंत्र) रडारच्या विचारणेला १०९० मेगाहर्ट्झवर उत्तर देतो. नेहमीच्या उत्तरातला प्रत्येक स्पंद ०.४५ मायक्रोसेकंदाचा असतो. तेवढ्या वेळात लहरीची सुमारे ४९० आवर्तने होतात. मात्र ती मोजायची नसतात. डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) त्यांची वरची रूपरेषा तेवढी वेगळी काढतो. ही रूपरेषा भिंतीसारखी उभी नसून उताराची असते. तिला चढायलाच ०.०५ ते ०.१ मायक्रोसेकंद लागतात.

खुणेची पातळी कायमची ठरवून टाकली, तर जोरदार स्पंद तिला लवकर गाठतो आणि क्षीण स्पंद उशिरा, मग दोघे एकाच क्षणी का निघालेले असेनात. म्हणून प्रत्येक स्पंदाची स्वतःची उंची पाहून तिच्या निम्म्यावर खूण धरतात, आणि चढतीच्या निम्म्यापासून उतरतीच्या निम्म्यापर्यंतचा काळ म्हणजे स्पंदाची रुंदी. यातही एक मेख आहे. संदेश क्षीण असेल तर डायोडचा व्होल्टेज लहरीच्या उंचीच्या नव्हे, तर शक्तीच्या प्रमाणात बदलतो. त्यामुळे लहर निम्मी झाली की हा व्होल्टेज दाखवणारी पडद्यावरची रेघ एक चतुर्थांशावर आलेली असते. हे ध्यानात न घेता रेघेच्या निम्म्यावर खूण केली, तर स्पंद आहे त्यापेक्षा अरुंद भरतो.

पुढचे काम घड्याळाचे. क्वार्ट्झच्या आधाराने चालणारे १०० मेगाहर्ट्झचे घड्याळ दर १० नॅनोसेकंदांनी एक ठोका देते, म्हणजे आपल्या स्पंदात ४५ ठोके बसतात आणि एखादा ठोका इकडेतिकडे होतो. दोन ठोक्यांमधला उरलेला काळ मोजण्यासाठी खूण ओलांडल्यापासून पुढच्या ठोक्यापर्यंत एक कपॅसिटर (विद्युतभार साठवणारा भाग) ठरावीक प्रवाहाने भरत नेतात आणि तो किती भरला यावरून ठोक्याचा अंश काढतात.

विचारणा पोहोचल्यावर ट्रान्सपाँडरने ३ मायक्रोसेकंदांनी उत्तर द्यायचे असते, आणि रडार तेवढा काळ वजा करूनच विमानाचे अंतर काढते. या विलंबात ०.५ मायक्रोसेकंद मागेपुढे चालते, पण तेवढ्यानेही अंतरात ७५ मीटरचा फरक पडतो.