आपल्याच माणसांनी लुटलेला माणूस : सिमियन पर्किन्सची रोजनिशी

कॅनडाच्या नोव्हा स्कोशिया प्रांतात मर्सी नदीच्या मुखाशी लिव्हरपूल नावाचे छोटे बंदर आहे. तिथल्या सिमियन पर्किन्स या व्यापाऱ्याने १७६६ ते १८१२ या काळात रोजनिशी लिहिली. ती बरीचशी रोजकीर्दीच्या थाटात आहे. आज वारा कुठून होता, कोणते जहाज लागले, किती लाकूड चढवले, कोणाकडे बाळंतपण झाले, असल्याच नोंदी. पण याच रुक्ष नोंदींमधून अमेरिकन स्वातंत्र्ययुद्ध एका सरहद्दीवरच्या गावात कसे शिरले, ते दिसत जाते.

हे गाव वसले तेच एका उच्चाटनानंतर. १७५५ पासून ब्रिटिशांनी नोव्हा स्कोशियातल्या अकेडियन, म्हणजे फ्रेंच भाषक शेतकऱ्यांना हद्दपार करायला सुरुवात केली. प्रांत ओस पडू लागला, तेव्हा गव्हर्नर चार्ल्स लॉरेन्सने १७५८ मध्ये न्यू इंग्लंडच्या, म्हणजे अमेरिकेतल्या ईशान्येकडच्या ब्रिटिश वसाहतींच्या, लोकांना जमिनीचे आमंत्रण दिले. त्यानंतरच्या दहाएक वर्षांत सुमारे ८,००० माणसे आली. त्यांना ‘प्लँटर’ म्हणतात. मळेवाल्यांशी त्याचा काही संबंध नाही, त्या काळी वसाहत करणाऱ्याला हाच शब्द होता. ही सगळी भूमी मुळात मिगमाक लोकांची. त्यांना अर्थातच कोणी विचारले नाही.

पर्किन्सचा जन्म १७३५ चा, न्यू इंग्लंडमधल्याच कनेक्टिकटच्या नॉर्विचचा. पहिली बायको १७६० मध्ये वारली आणि दोन वर्षांनी तो लिव्हरपूलला आला. मासळी, लाकूड आणि जहाजे हा त्याचा धंदा, वेस्ट इंडीजपर्यंत पसरलेला. पुढे तो न्यायाधीश झाला, विधानसभेत गेला, मिलिशियाचा, म्हणजे स्थानिक नागरिकांच्या फौजेचा, अधिकारी झाला. १७७७ मध्ये त्याने सुमारे दहा वर्षांचा एक कृष्णवर्णीय मुलगा ३५ पौंडांना विकत घेतला आणि त्याचे नाव बदलले. हेही रोजनिशीतच आहे, मालाच्या खरेदीइतक्याच थंडपणे लिहिलेले.

युद्ध पेटले तेव्हा या प्लँटरांची पंचाईत झाली. राजा इकडचा, नातेवाईक तिकडचे. नोव्हा स्कोशियातल्याच यार्मथच्या लोकांनी १७७५ मध्ये सरकारकडे अर्ज केला, की आमचे बाप-भाऊ न्यू इंग्लंडात आहेत, आम्हाला तटस्थ राहू द्या. अर्ज फेटाळला गेला. पर्किन्सचाही सुरुवातीचा कल गप्प राहून धंदा सांभाळण्याकडे दिसतो, आणि त्यात मला भेकडपणा वाटत नाही.

पण धंदाच राहिना. १७७६ मध्ये अमेरिकन काँग्रेसने खासगी जहाजांना शत्रूची जहाजे पकडण्याचे परवाने दिले. हे परवानेधारी लुटारू लिव्हरपूलच्या किनाऱ्यावर घिरट्या घालू लागले. त्यात पर्किन्सची जहाजे एकामागून एक गेली. त्या वर्षीच्या ऑक्टोबरातल्या नोंदीत तो लिहितो, की माझ्या देशबांधवांकडून झालेले हे चौथे नुकसान, यातून कसा सावरेन कळत नाही. ‘देशबांधव’ हा शब्द इथे उपरोधाने आलेला नाही. लुटणारे त्याला अजूनही आपलेच वाटत होते, हीच खरी दुखरी जागा आहे.

पुढे मात्र सूर पालटतो. त्याने प्रांताची राजधानी हॅलिफॅक्सकडे कुमक मागितली. १७७८ च्या अखेरीस किंग्ज ऑरेंज रेंजर्स या ब्रिटिशांच्या बाजूने लढणाऱ्या पलटणीची एक तुकडी आली. १७७९ मध्ये गावानेच स्वतःचे परवानेधारी जहाज पाठवले, ‘लुसी’ नावाचे. लुटले गेलेले आता लुटायला निघाले.

१३ सप्टेंबर १७८० हा दिवस सर्वात थरारक. दोन अमेरिकन जहाजांवरच्या लोकांनी रात्रीच्या अंधारात उतरून गावचा किल्ला घेतला आणि सैनिकांना कैद केले. पर्किन्सने कोल नावाच्या त्यांच्या कप्तानालाच पकडवले आणि मिलिशिया गोळा केली. मग बोलणी सुरू झाली. काही तासांत किल्ला परत मिळाला, कैदी सुटले, जहाजे निघून गेली. तलवारीपेक्षा इथे व्यापाऱ्याची घासाघीस कामी आली म्हणायची.

१७९३ नंतर फ्रान्स आणि स्पेनशी युद्ध सुरू झाले. तेव्हा लिव्हरपूलकर या परवानेधारी लुटीच्या धंद्यात पुरते मुरले. पर्किन्सने त्यात पैसे गुंतवले, आणि १८०० मध्ये त्यांच्या ‘रोव्हर’ जहाजाने कॅरिबियन समुद्रात नाव काढले.

९ मे १८१२ रोजी पर्किन्स वारला. बरोबर चाळीस दिवसांनी, १८ जूनला, अमेरिकेने ब्रिटनविरुद्ध युद्ध पुकारले. त्या युद्धात न्यू इंग्लंडच्या किनाऱ्यावर दहशत बसवणाऱ्या, पन्नासच्या आसपास जहाजे पकडणाऱ्या ‘लिव्हरपूल पॅकेट’ या जहाजाचा कप्तान जोसेफ बार्स हा याच गावचा, प्लँटरांच्या घरातला.