चरबीचं घरगुती क्रीम खराबच होत नाही?

‘चरबीचं फेसक्रीम नैसर्गिक असतं, म्हणून ते कधीच खराब होत नाही. हवा तर कोरफडीचा गरही मिसळा,’ असा सल्ला बरीच वर्षं फिरतो आहे. तो पटतो, कारण त्यातलं अर्धं खरं आहे.

जीवाणू आणि बुरशी वाढायला पाणी लागतं. नीट कढवून गाळलेल्या चरबीत ते जवळपास उरत नाही, म्हणून ती टिकते. गर घातला की पाणी आलंच! ई जीवनसत्त्व घातल्याने जंतूंची वाढ टळत नाही. ते फक्त चरबी खवट होण्याचा वेग कमी करतं, जंतू रोखत नाही. शिवाय बुरशीचे ठिपके किंवा वास येण्याआधीच जंतू भरपूर वाढलेले असू शकतात. त्यामुळे नुसतं हुंगून खात्री होत नाही.

पाणी उरलंय का, हे मात्र घरी तपासता येतं. चमचाभर चरबी कोरड्या कढल्यात मंद आचेवर तापवा. तडतडली किंवा बारीक बुडबुडे आले, तर अजून कढवायला हवी.

क्रीमसाठी १०० ग्रॅम चरबीला २५ ग्रॅम तेल आणि अर्धा ग्रॅम ई जीवनसत्त्व पुरतं. सावकाश गार झाली तर ती रवाळ होते. भांडं थंड पाण्यात ठेवून घोटत राहा. डबी कोरडी हवी, बोटं ओली नकोत. आणि चरबी त्वचेला ओलावा देत नाही, असलेला अडवते, म्हणून चेहरा किंचित ओलसर असतानाच पातळ थर लावा. मुरमं येत असतील तर लावूच नका.