उस्तुखुद्दूस ते डिफ्यूझर : लव्हेंडरच्या तेलामागची गोष्ट

दिवाळीत लातूरला बहिणीकडं गेले तर भाची गालाला बर्फ लावून बसलेली. काय झालं म्हणून विचारलं तर कळलं, कुठल्यातरी रीलमध्ये बघून बाईसाहेबांनी लव्हेंडरचं इसेन्शियल ऑइल डायरेक्ट पिंपलवर लावलं, कशात मिसळलं नाही काही नाही, आणि तसंच लावून झोपली. सकाळी रुपयाएवढा लालभडक चट्टा. "मावशी, नॅचरल आहे की गं, फुलाचं तेल आहे, त्यानं कसं काय होईल?" मला तेव्हा धड उत्तर देता आलं नाही. मग घरी येऊन वाचत बसले, आणि वाचता वाचता गोष्ट कुठल्या कुठं गेली, ती सांगते.

बाटलीच्या मागं छापलेली गोष्ट सगळ्यांना माहितीय. लॅटिनमध्ये 'लवारे' म्हणजे धुणं, रोमन लोक आंघोळीच्या पाण्यात ही फुलं टाकायचे, त्यावरून लव्हेंडर. ही व्युत्पत्ती सगळ्या भाषातज्ज्ञांना पटलेली नाही, पण गोष्ट छान आहे म्हणून चालतीय. त्यापेक्षा कामाची गोष्ट ही की लव्हेंडर नावाची एकच वनस्पती नाही. आपण जिला खरं लव्हेंडर म्हणतो ती लॅव्हेंड्युला अँगस्टिफोलिया, तिची एक रांगडी बहीण लॅटिफोलिया, दोघींचा संकर म्हणजे लॅव्हंडिन, जो साबण-डिटर्जंटमध्ये जातो कारण तेल भरपूर निघतं आणि स्वस्त पडतं, पण त्यात कापराचा वास जास्त. आणि एक स्टीकास. ही स्टीकास लक्षात ठेवा, आपला सगळ्यात जुना संबंध तिच्याशी आहे.

पहिल्या शतकात डायोस्कोरिडीस नावाचा ग्रीक वैद्य होऊन गेला, त्यानं औषधी वनस्पतींचा मोठा ग्रंथ लिहिला. त्यात स्टीकास आहे, आजच्या फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्याजवळच्या बेटांवरून तिला ते नाव पडलं. पुढं ग्रीक वैद्यक अरबीत गेलं तेव्हा स्टीकासचं झालं उस्तुखुद्दूस. आणि युनानी हकिमांबरोबर ते नाव आलं हिंदुस्थानात, दख्खनमध्ये. आता मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता हे आपल्याला शाळेपासून पाठ आहे, पण त्याचा एक अर्थ आपण विसरतो, की आपल्याकडं वैद्याइतकाच हकीमही घरातला होता. हैदराबादला चारमिनारला लागून युनानी दवाखाना आजही आहे. आणि माझ्या आजोबांच्या पिढीत डोकं दुखायलंय, सर्दी डोक्यात भरलीय म्हटलं की हकिमाकडं जायचे, त्यात कुणाला काही वेगळं वाटत नव्हतं.

हे सगळं वाचून मी संभाजीनगरला जुन्या शहरात, सिटी चौकाच्या आतल्या बाजूला एका अत्तारांच्या, म्हणजे जडीबुटी विकणाऱ्यांच्या, दुकानात गेले. दुकान म्हणजे काय, सहा बाय आठची खोली, छतापर्यंत पत्र्याचे डबे, डब्यांवर उर्दूत लिहिलेल्या पिवळ्या पडलेल्या चिठ्ठ्या. उस्तुखुद्दूस आहे का चाचा म्हटलं तर त्यांनी आधी मला वरपासून खालपर्यंत बघितलं, मग स्टूलवर चढून मागचा एक डबा काढला आणि कागदावर मूठभर ओतलं. वाळलेली, मातकट, तुऱ्याच्या कणसासारखी बोंडं. चिमटीत चोळून वास घेतला तर भाचीच्या बाटलीसारखा गोड फुलाचा वास अजिबात नाही, कापूर आणि वाळल्या पाल्याचा. चाचा म्हणाले, "ये दिमाग की झाडू है बेटा, पूरा कचरा निकाल देती." मला वाटलं चाचांचा स्वतःचा डायलॉग, पण नाही, युनानीत उस्तुखुद्दूसचं शेकडो वर्षांपासूनचं टोपणनावच आहे ते, जारूब-ए-दिमाग, मेंदूचा झाडू. त्याचं जे प्रसिद्ध औषध आहे त्याचं नाव इत्रीफल उस्तुखुद्दूस, आणि हे इत्रीफल म्हणजे दुसरं तिसरं काही नसून आपला त्रिफळा! हरडा, बेहडा, आवळा. संस्कृत शब्द अरबी-फारसीत फिरून परत आला आणि त्याच्या शेजारी त्या बेटांचं ग्रीक नाव येऊन बसलं. मला तर ती बरणी बघूनच भारी वाटलं. (बाजारात उस्तुखुद्दूसच्या नावानं दुसरीच झाडं पण विकतात, त्यामुळं चाचांच्या डब्यात नेमकं काय होतं याची पैज मी लावणार नाही.)

म्हणजे 'डोकं शांत करायला लव्हेंडर' ही कल्पना आपल्याला स्पावाल्यांनी नाही शिकवली. पण त्या काळात ते काढा, चाटण म्हणून पोटात जायचं. तेल काढणं ही पुढची पायरी. वाफेवर तेल काढायची कला अरब-इराणी लोकांनी सुधारली, त्यात इब्न सिना या जुन्या वैद्याचं नाव नेहमी घेतात. युरोपात १५०० साली स्ट्रासबर्गच्या ब्रुन्शविग यांचं अर्क काढण्यावर छापील पुस्तक आलं आणि मग घराघरात भट्ट्या लागल्या. दक्षिण फ्रान्समधल्या ग्रास गावची मजा अशी की ते मूळचं चामडं कमावणाऱ्यांचं गाव, हातमोज्यांना चामड्याचा घाण वास यायचा म्हणून ते सुगंधी करायला लागले, आणि पुढं चामडं मागं पडलं, सुगंधच धंदा झाला.

आता मुख्य माणूस. रने-मोरिस गॅटफोसे, फ्रान्समधल्या लियॉनचा केमिस्ट, घरचा सुगंधी द्रव्यांचा कारखाना. इंटरनेटवर गोष्ट अशी सांगतात की याचा हात भाजला, यानं घाईघाईत शेजारच्या लव्हेंडर तेलाच्या पिंपात हात बुडवला आणि चमत्कार झाला, डागसुद्धा राहिला नाही. खरी गोष्ट वेगळी आणि जास्त भयानक आहे. जुलै १९१० मध्ये त्याच्या प्रयोगशाळेत स्फोट झाला, अंगाला आग लागली ती त्यानं गवतावर लोळून विझवली, आणि नंतर हातांच्या जखमांमध्ये गॅस गँगरीन, म्हणजे मांस सडवणारा जंतुसंसर्ग, झालं. तेव्हा अँटिबायोटिक नव्हती, गॅस गँगरीन म्हणजे हात जाणार नाहीतर माणूस जाणार. त्या वेळी त्यानं लव्हेंडरच्या तेलानं जखमा धुतल्या आणि सडणं थांबलं असं त्यानं स्वतः लिहून ठेवलंय. म्हणजे पिंपात हात बुडवणं नाही, योगायोग नाही, सुगंधी तेलांची माहिती असलेल्या माणसानं विचार करून केलेला उपाय, तोही जंतुनाशक म्हणून. १९३७ साली त्याचं पुस्तक आलं आणि 'अरोमाथेरपी' हा शब्द जगाला मिळाला. हजारो वर्षांची प्राचीन कला म्हणून जे विकायलेत त्या शब्दाचं वय शंभरसुद्धा नाही.

माझं मत विचाराल तर ती पिंपाची गोष्टच सगळ्या घोळाचं मूळ आहे. निव्वळ तेल, उघड्या कातडीवर, आणि फक्त फायदा. भाचीनं बघितलेल्या रीलमध्ये पण "हे एकच तेल डायरेक्ट लावता येतं" असंच होतं म्हणे.

गॅटफोसेनंतर जाँ वाल्ने नावाच्या फ्रेंच लष्करी डॉक्टरनं ही तेलं वापरली, १९६४ ला पुस्तक लिहिलं, पण ते सगळं डॉक्टरी अंगानं. मसाज, चेहरा, सौंदर्य या बाजूला तेल वळवलं मार्गारीट मोरी या बाईंनी. १९६१ च्या आसपासची गोष्ट. त्यांनी सुगंधी तेल साध्या तेलात थोडंसं मिसळून अंगाला चोळायची पद्धत बसवली आणि आजच्या प्रत्येक स्पाची आजी म्हणजे ही बाई. साध्या तेलात पातळ करून! हा भाग रीलमधून गळाला बघा.

बरं, तेल चोळायचं हे आपल्याला कुणी परदेशातून येऊन सांगायचं म्हणजे जरा गंमतच. उमरग्याच्या पलीकडं हद्द ओलांडली की बसवकल्याण लागतं, चालुक्यांची राजधानी, तिथल्या तिसऱ्या सोमेश्वर राजाच्या 'मानसोल्लास' ग्रंथात, ११३० च्या सुमाराचा हा ग्रंथ, राजाच्या स्नानावर वेगळं प्रकरण आहे, वास दिलेलं तिळाचं तेल अंगाला कसं चोळायचं इथपासून. आपली दिवाळीची पहिली आंघोळ त्याचाच गरीब अवतार. पण त्यात लव्हेंडर नव्हतं, कारण इथं ते उगवतच नाही.

आपल्या घरात लव्हेंडरचा वास शिरला तो तेलातून नाही, पावडरच्या डब्यातून. लंडनची यार्डली कंपनी १७७० ची, तिनं इंग्लिश लव्हेंडर नावाचा सुगंध १८७३ मध्ये आणला. आमच्या लहानपणी ज्याच्या घरचं कुणी गल्फला होतं त्याच्या घरी तो डबा असायचा, लग्नाला जाताना मानेला लावायला, रोज नाही. पुढं २००९ मध्ये विप्रोनं आशियातला तो धंदा घेतला आणि डबा किराणा दुकानात आला. आईला भाचीच्या बाटलीचा वास दिला तर ती लगेच म्हणाली, "हा तर शेख मास्तरीणबाईंच्या पावडरीचा वास." तिच्या लेखी लव्हेंडर म्हणजे टाल्कम, बस्स.

आता ते खरंच काम करतं का? तेलात मुख्य दोन गोष्टी, लिनालूल आणि लिनालिल ॲसिटेट. जपानमधल्या कागोशिमा विद्यापीठात २०१८ ला उंदरांवर प्रयोग झाला, लिनालूलच्या नुसत्या वासानं उंदरांची भीती कमी झाली, पण ज्या उंदरांची वास घ्यायची शक्तीच काढली होती त्यांच्यावर काहीच परिणाम नाही. म्हणजे नाकातूनच काम होतं. जर्मनीत लव्हेंडर तेलाची ८० मिलिग्रॅमची कॅप्सूल चिंतेसाठी मिळते, तिच्यावर माणसांवरचे बरे अभ्यास आहेत. पण ती ठराविक दर्जाची कॅप्सूल, घरातल्या बाटलीतलं तेल प्यायचं नाही, कुणीही, कधीही. त्वचेचं म्हणाल तर तिथं पुरावा बराच पातळ आहे आणि धोका मात्र माहितीतला, लिनालूल हवेशी लागून जुनं झालं की त्याच्यापासून जे तयार होतं त्यानं ॲलर्जी येते. बहिणीच्या घरातली बाटली दोन उन्हाळे खिडकीत उभी होती, झाकण अर्धवट. लातूरचा उन्हाळा. चट्टा नाही येणार तर काय होईल. आता भाची ३० मिलि करडईच्या तेलात सहा थेंब टाकते, म्हणजे साधारण एक टक्का, आणि आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस थांबते. करडईचं तेल तरी आपलं आहे, परभणीच्या कृषी विद्यापीठानं करडईचे वाण दिलेत, घाण्यावरचं कुठंही मिळतं.

भारतात लव्हेंडर कुठं येतं तर जम्मू-काश्मीरमध्ये. सीएसआयआर या सरकारी संशोधन परिषदेच्या जम्मूतल्या संस्थेनं अरोमा मिशन या सुगंधी पिकांच्या योजनेत डोडा जिल्ह्यातल्या भदरवाहला मक्याच्या जागी लव्हेंडर लावायला शेतकऱ्यांना तयार केलं, पहिल्यांदा लावणाऱ्यांना रोपं फुकट, आधी लावलेल्यांना पाच-सहा रुपयाला एक. २०२२ ला तिथं लव्हेंडर फेस्टिव्हल झाला, २०२४ च्या प्रजासत्ताक दिनाला दिल्लीत चित्ररथ निघाला, जांभळी क्रांती म्हणतात त्याला. तो व्हिडिओ आला की आमच्या गावच्या ग्रुपवर हमखास प्रश्न, आपल्याकडं सोयाबीनच्या जागी लावता येईल का? तर भाऊ, त्याला थंडी पाहिजे, पाण्याचा निचरा होणारी जमीन पाहिजे. आपल्या काळ्या रानात पावसाळ्यात पाणी साचलं की मुळं कुजणार, त्यातून वाचलं तर मे महिना आहेच. आणि किलोभर तेलाला शंभर-दीडशे किलो फुलं लागतात, म्हणून ऐंशी रुपयाच्या बाटलीत काय असेल याचा हिशोब तुम्हीच करा.

आपल्या भागाचं सुगंधी तेल म्हणजे रोशा. तिखाडी म्हणतात ते गवत, डोंगरउतारावर आपोआप येतं, हातात चुरगळलं की गुलाबासारखा वास. एकोणिसाव्या शतकात खानदेश-निमाडातून हे तेल मुंबईला आणि तिथून तुर्कस्तानला जायचं, कशाला तर महागड्या गुलाबाच्या अत्तरात भेसळ करायला! आज तेच पामारोसा म्हणून इंग्रजी लेबल लावून महाग विकतात, आणि आपण स्वस्तातलं नकली लव्हेंडर घेतो.

मी पण शहाणी नाही. पुण्याच्या नर्सरीतून डिसेंबरात लव्हेंडरचं रोप आणलं होतं, जानेवारीत दोन तुरे आले, स्टेटसला टाकले. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात वाळलं. त्याच कुंडीत आता गवती चहा लावलाय, तो इतका माजलाय की शेजारच्या काकू रोज सकाळी चार पानं तोडून नेतात.