फोनवालं घ्यायचं की टॅबवालं: स्विफ्टकीच्या दोन अ‍ॅपांची पार्श्वभूमी

आज स्विफ्टकी हे कीबोर्डचं अ‍ॅप एकच आहे आणि फुकट आहे, फोनवर टाका नाहीतर टॅबवर. पण जुलै २०११ पासून २०१३ च्या शेवटाशेवटापर्यंत अँड्रॉइडवर त्याची दोन वेगळी अ‍ॅपं विकली जायची, एक फोनचं, एक टॅबचं, दोन्हींची किंमत साधारण चार-चार डॉलर, आणि एक घेतलं म्हणून दुसरं मिळायचं नाही. ज्याच्याकडे दोन्ही वस्तू त्याने दोनदा पैसे मोजायचे, आणि ज्याच्याकडे सात इंची टॅब त्याच्या डोक्याला तर आणखी ताप, कारण आपल्या हातातली वस्तू नक्की कुठल्या खात्यात बसते हेच त्याला कळायचं नाही. हा सगळा घोळ आला कुठून आणि मिटला कसा, ते इथे.

फार मागे जात नाही. बटणांच्या फोनवरचं, आकडे दाबून शब्द ओळखणारं टी९ सगळ्यांनी वापरलंय. केंब्रिजला शिकलेल्या पोरांनी लंडनमध्ये काढलेल्या कंपनीने २०१० मध्ये स्विफ्टकीचं बीटा आणलं, त्यात वेगळं काय होतं तर चालू शब्द दुरुस्त करण्यावर न थांबता ते पुढचा शब्दच सुचवायचं, मागचे एक-दोन शब्द बघून, आणि पुढेपुढे, तुम्ही परवानगी दिली तर, तुमचे जुने एसेमेस, मेल, फेसबुकच्या पोस्टी वाचून. म्हणजे अ‍ॅपचा खरा जीव त्या अंदाज बांधणाऱ्या इंजिनात. त्या इंजिनाला स्क्रीन चार इंची आहे की दहा इंची याच्याशी काही देणंघेणं नाही. फरक वरच्या पत्र्याचा, म्हणजे कुठली की कुठे आणि केवढी. हे डोक्यात ठेवा, कारण पुढचं सगळं भांडण याच्यावरच आहे.

मग दोन अ‍ॅपं का? याचं उत्तर त्या वेळच्या अँड्रॉइडमध्ये आहे. २०१० च्या शेवटी पहिला नावाजलेला सात इंची अँड्रॉइड टॅब बाजारात आला तो अँड्रॉइड २.२ घेऊन, आणि ज्यांनी अँड्रॉइड बनवलं त्यांचेच लोक तेव्हा सांगत होते की २.२ काही टॅबसाठी बनवलेलं नाही. फेब्रुवारी २०११ मध्ये ३.० आलं ते फक्त टॅबसाठी, दहा इंची, १२८० बाय ८०० वाल्या स्क्रीनसाठी, आणि फोन राहिले २.३ वर. म्हणजे अँड्रॉइडच्याच दोन चुली झाल्या होत्या. त्या काळात एखाद्या छोट्या कंपनीने टॅबचं अ‍ॅप वेगळं काढलं तर त्यात नवल काही नाही, आयपॅडवरसुद्धा तेव्हा नावापुढे एचडी लावून तोच गेम परत विकायची पद्धत होतीच.

पण तारखा जरा नीट बघा. स्विफ्टकी एक्स आणि स्विफ्टकी टॅबलेट एक्स ही जोडी आली जुलै २०११ मध्ये. त्याच जुलैमध्ये अँड्रॉइड मार्केटने (आजचं प्ले स्टोअर) एकाच नोंदीखाली वेगवेगळ्या स्क्रीनसाठी वेगवेगळ्या फाइली चढवायची सोय दिली, म्हणजे नाव एक, किंमत एक, टॅबवाल्याला टॅबची फाइल जाईल, फोनवाल्याला फोनची. आणि त्याच जुलैमध्ये अँड्रॉइड ३.२ आलं, ज्यात अ‍ॅपला स्क्रीनची कमीत कमी रुंदी विचारून त्याप्रमाणे लेआउट बदलायची नीट सोय झाली. ऑक्टोबरात ४.० जाहीर झालं आणि फोन आणि टॅब परत एका अँड्रॉइडवर आले. म्हणजे दोन अ‍ॅपं ठेवायचं तांत्रिक कारण लाँचच्या महिन्यातच ढिलं पडलं होतं आणि तीन महिन्यांत जवळजवळ संपलं, अ‍ॅपं मात्र पुढे दोन वर्षं वेगळीच राहिली. माझ्या मते हा निर्णय इंजिनियरांचा नव्हता, हिशेबाचा होता.

हिशेबही समजण्यासारखा आहे म्हणा. प्ले स्टोअरवर एकदा विकत घेतलेलं अ‍ॅप त्याच खात्यावरच्या सगळ्या उपकरणांवर टाकता येतं, म्हणजे एकच अ‍ॅप असतं तर ज्याने फोनसाठी चार डॉलर दिले त्याच्याकडून टॅबसाठी एक पैसाही आला नसता, आणि टॅबसाठी वेगळं काम तर करावंच लागत होतं. दहा इंची टॅब आडवा धरून दोन्ही अंगठ्यांनी टाइप करून बघा, मधल्या जी-एच पर्यंत अंगठा पोचतच नाही, म्हणून टॅबच्या व्हर्जनमध्ये कीबोर्ड दुभंगून दोन्ही कडांना सरकवलेला असायचा, आणि तो खरंच कामाचा होता. दुसरं, त्यांनी स्विफ्टकी ३ आणि ४ ची मोठी अपडेटं जुन्या गिऱ्हाइकांना फुकट दिली, तेव्हा अगदीच लुटारू म्हणता येणार नाही. ट्रायलही दोन्हींची मिळायची, महिनाभराची. पण दुभंगलेल्या लेआउटसाठी आख्ख्या इंजिनाची किंमत परत लावणं मला तेव्हाही पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही.

आता तो सात इंचांचा गुंता. अँड्रॉइडमध्ये अ‍ॅपला स्क्रीनचे पिक्सेल थेट बघून चालत नाही, तिथे डीपी नावाचं माप आहे, पिक्सेल गुणिले १६० भागिले घनता (म्हणजे इंचाला किती पिक्सेल) असा त्याचा हिशेब, १६० घनतेला एक डीपी म्हणजे एक पिक्सेल. ढोबळ रिवाज असा की स्क्रीनची अरुंद बाजू ६०० डीपी किंवा जास्त असेल तर ७ इंची वर्गातला टॅब, ७२० असेल तर १० इंची वर्गातला, ६०० च्या खाली सगळे फोन. ऐकायला सोपं आहे. पण २०११ च्या शेवटी गॅलेक्सी नोट आला, ५.३ इंच, १२८० बाय ८०० पिक्सेल, आणि घनता सांगायचा ३२०, म्हणून अरुंद बाजू ४०० डीपी, म्हणजे फोन. २०१२ च्या जुलैमध्ये नेक्सस ७ आला, पिक्सेल अगदी तेच १२८० बाय ८००, पण घनता २१३, म्हणून अरुंद बाजू ६०० डीपी, म्हणजे टॅब. पिक्सेल सारखे, खातं वेगळं, आणि कीबोर्डचा खर्च त्या खात्यावर ठरणार! त्याहून मजा म्हणजे तो २०१० चा पहिला सात इंची गॅलेक्सी टॅब. त्याची स्क्रीन १०२४ बाय ६००, पण त्याने आपली घनता २४० अशी सांगितली, म्हणजे हिशेबाने अरुंद बाजू भरली ४०० डीपी, नोटाएवढी, म्हणजे कागदावर तो फोनच. तरी तो सिस्टिमला आपण मोठ्या स्क्रीनवाले आहोत असं सांगायचा, आणि ही आपल्याच हिशेबातली चूक होती हे अँड्रॉइडवाल्यांनी नंतर स्वतः लिहून मान्य केलं. तेव्हा दुकानातल्या माणसाला सात इंचीला काय म्हणायचं ते कळत नव्हतं यात त्याचा दोष नाही, खुद्द सिस्टिमला कळत नव्हतं.

नेक्सस ७ नंतर वाद खरा पेटला कारण तो स्वस्त होता, भरपूर खपला, आणि लोक तो उभा धरायचे. उभ्या सात इंचीवर अंगठे आरामात मधोमध पोचतात, तिथे दुभंगलेल्या कीबोर्डची गरजच नाही, उलट फोनचा लेआउट मोठ्या कींसकट छान बसतो. आडवा धरला की मात्र टॅबवालं बरं. म्हणून त्या काळात सल्लेही दोन तऱ्हांचे मिळायचे, एक गट म्हणायचा वस्तू टॅब आहे तर टॅबचं घ्या, दुसरा म्हणायचा फोनचं आधीच घेतलंय ना, तेच टाका नि गप्प बसा. शहाणे लोक दोन्ही ट्रायल टाकून बघायचे. मला विचाराल तर दहा इंचीवाल्याला टॅबचं घेण्यात अर्थ होता, सात इंचीवाल्याने दुसऱ्यांदा पैसे टाकायचं कारण नव्हतं.

यात एक गोष्ट किमतीपेक्षा जास्त टोचणारी होती, तिच्याबद्दल कमी बोललं गेलं. दोन अ‍ॅपं म्हणजे दोन डिक्शनऱ्या. आपल्याकडे बहुतेक जण तेव्हा रोमनमध्ये मराठी लिहायचे, आणि "उद्या येतो रे", "झालं का जेवण" हे रोमनमध्ये लिहिलं की इंग्रजी कीबोर्ड त्याची पार वाट लावायचा. स्विफ्टकी आवडायचं ते यासाठी की महिना दोन महिने वापरलं की ते तुमचं रोमन मराठी शिकायचं, तुमची स्पेलिंगं, तुमच्या शिव्या, तुमच्या मित्रांची टोपणनावं. मग टॅब घेतला, परत पैसे दिले, आणि टॅबवरचं अ‍ॅप कोरी पाटी, त्याला "आहे" सुद्धा माहीत नाही! इंग्रजीत लिहिणाऱ्याला हे फारसं जाणवायचं नाही कारण त्याची भाषा अ‍ॅपसोबतच यायची. आपली भाषा आपणच भरायची होती, आणि तीही दोनदा. २०१३ मध्ये स्विफ्टकी ४.२ सोबत क्लाउड आलं तेव्हा शिकलेले शब्द एका खात्यावर राहून सगळ्या उपकरणांवर जायला लागले, आणि माझ्या लेखी दोन अ‍ॅपांचं वेगळेपण तिथेच संपलं, नावाचं एकत्रीकरण नंतर झालं.

देवनागरीत लिहिणारे या वादात जवळजवळ नव्हतेच, हेही सांगायला हवं. अँड्रॉइडमध्ये देवनागरीचा फाँट मुळातून आला तो ४.० पासून, त्याआधीच्या बऱ्याच फोनवर मराठी म्हणजे नुसते चौकोन. सरकारी स्वस्त टॅब म्हणून गाजलेला आकाश ऑक्टोबर २०११ मध्ये आला, सात इंची, अँड्रॉइड २.२, दाबून चालणारी स्क्रीन आणि त्यावर मार्केटच नाही, तिथे विकतचा कीबोर्ड कुठला घ्यायचा हा प्रश्नच येत नव्हता. २०१३ मध्ये पवईच्या आयआयटीतून स्वरचक्र हा कीबोर्ड आला, व्यंजन दाबून धरलं की भोवती बाराखडीचं चक्र उघडतं, फुकट, आणि इंग्रजी कीबोर्ड तोडूनमोडून देवनागरी केल्यासारखं नव्हतं, मुळापासून आपल्या लिपीचा विचार करून केलेलं. त्याला अंदाज बांधणारं इंजिन नव्हतं पण विचार होता. स्विफ्टकीत हिंदी आधी आली, मराठी मागाहून, आणि रोमनमध्ये टाइप करून देवनागरी उमटवायची सोय तर २०१८ मध्ये हिंदी-गुजरातीपासून सुरू झाली, मराठीचा नंबर त्यानंतर. ज्या वर्षांत फोन की टॅब चाललं होतं त्या वर्षांत आपण रोमनमध्ये अडकलेलो होतो.

२०१३ संपत आलं तेव्हा स्विफ्टकी ४.३ मध्ये दोन्ही अ‍ॅपं एक झाली. फुल, कॉम्पॅक्ट आणि थंब (म्हणजे तोच दुभंगलेला) असे तीन लेआउट दिले, कीबोर्ड उचलून कुठेही ठेवायची नि लहानमोठा करायची सोय दिली, आणि टॅबचं वेगळं अ‍ॅप विक्रीतून गेलं. आता सात इंची आडवा असो उभा असो, ज्याचं त्याने ठरवावं. खरं तर मोठमोठ्या फोननी हे करायला भाग पाडलं, सहा इंचीकडे चाललेल्या फोनवाल्याला दुभंगलेला कीबोर्ड हवा होता आणि तो त्याला टॅबच्या नावाखाली कोण विकणार. पुढच्या जूनमध्ये तर अ‍ॅपच फुकट झालं, धंदा थीम विकण्यावर गेला, आणि ज्यांनी आधी पैसे भरले होते त्यांना काही थीम फुकट मिळाल्या. एकदा भरलेला त्यावर खूष झाला असेल. दोनदा भरलेल्याचं माहीत नाही.

नंतरचं थोडक्यात. सप्टेंबर २०१४ मध्ये आयओएस ८ ने बाहेरचे कीबोर्ड येऊ दिले तेव्हा स्विफ्टकी पहिल्या दिवसापासून हजर होतं, आयफोन आणि आयपॅडला एकच अ‍ॅप, पण बोट फिरवून लिहायची सोय सुरुवातीला आयपॅडवर नव्हती, म्हणजे नाव एक झालं तरी आत फरक राहिलाच. २०१६ च्या फेब्रुवारीत एका अमेरिकी बड्या कंपनीने साधारण २५ कोटी डॉलरला सगळं विकत घेतलं. त्याच जुलैमध्ये काही लोकांच्या कीबोर्डवर अनोळखी माणसांचे ईमेल पत्ते सुचायला लागले आणि सिंक काही काळ बंद करावं लागलं. ज्या क्लाउडने फोन-टॅबचा प्रश्न सोडवला त्याच क्लाउडमधून हे झालं, आणि कीबोर्डला आपलं सगळं वाचू द्यायचं का हा मुद्दा तेव्हापासून किमतीपेक्षा मोठा झाला, जो खरं तर पहिल्या दिवसापासून असायला हवा होता. २०२२ च्या ऑक्टोबरात आयओएसवरचं अ‍ॅप काढून टाकलं, नोव्हेंबरात परत आणलं, कारण त्यांनाच ठाऊक.

आकाराचा प्रश्न काही गेलेला नाही, फक्त त्याची वेगळी पावती फाटत नाही. २०१९ पासून घडीचे फोन आले, पहिल्या गॅलेक्सी फोल्डची बाहेरची स्क्रीन ४.६ इंची, आतली ७.३, म्हणजे एकाच वस्तूत नोटापेक्षा लहान फोन आणि नेक्ससपेक्षा मोठा टॅब, आणि उघडला की त्याच्या स्वतःच्या कीबोर्डचे दोन तुकडे होऊन कडांना जातात. तेच लेआउट, ज्याचे एकेकाळी वेगळे चार डॉलर पडायचे.